सृष्टीच्या जबड्याची वही

१९ मे, रविवार

अंगणवाडीचं सगळं आता मोबाईलमध्ये भरायचं असतं, म्हणून ही वजन-उंचीची जाड वही कोरीच राहिली. टाकून द्यायला जीव होईना. बारा वर्षं मी माले गावातल्या पोरांची वजनं लिहिली, आता सुट्टीत चार ओळी आपल्या घराच्या लिहीन. तपासायला पर्यवेक्षिका बाई येणार नाहीत, हे त्यातलं सगळ्यात मोठं सुख.

आज पडवीत गोधडी अंथरली. एका कडेला मी, दुसऱ्या कडेला सृष्टी. अकरा पूर्ण झालीत तिला, यंदा सहावीत जाईल. तिचे टाके माझ्यापेक्षा सरळ, हे मी तिला सांगत नाही. पण दोरा संपला की दर वेळी उठून विळीकडे जाते. वरचे दात पुढे आणि खालचे एवढे मागे, की पुढच्या दातांत दोरा धरताच येत नाही. दाढेखाली घेतला तर चघळला जातो आणि मग सुईत जायचं नाव घेत नाही. मीही विळीवरच तोडते, मला तशी सवय आहे. आबांच्या तोंडात चार दात उरलेत आणि त्या चौघांची आपसात कधी गाठ पडत नाही. नवऱ्याचे दात चांगले आहेत, पण बापूसाहेब हिंजवडीच्या कंपनीची बस चालवणार की गोधडीला बसणार?

आबा म्हणजे माझे सासरे, म्हसू. जन्म मेंढरांत गेला. बाजारात मेंढीचा ओठ वर करून वय सांगतात, कोकरू आईपासून तोडताना एकेकाच्या तोंडात बोट घालून बघतात. आज बसल्या बसल्या सृष्टीला म्हणाले, आ कर. तिने हसत केला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दात पुढं न्हाईत, पोरीचा खालचा जबडाच मागं हाय. वाढतीया तवर काय व्हईल ते व्हईल."

मला लागलं ते. मला बघायला आले होते तेव्हा हाच माणूस पोहे खाताखाता माझ्या तोंडाकडे बघत होता. चौदा वर्षं झाली, मी विसरलेले नाही. माझं नाव सुंदरा ठेवलं तेव्हा मला दात आले नव्हते, असं मीच बायकांत हसून सांगते, पण तो माझा अधिकार आहे. माझ्या पोरीला कोणी मेंढरांच्या ओळीत उभं करायचं नाही.

२७ मे

आबांना खोटं पाडायचं म्हणून पोरीला घेऊन बावधनला गेले. तिथे वेड्यावाकड्या दातांच्या आणि जबड्यांच्या डॉक्टर आहेत, शारदा मॅडम. वयाने माझ्याहून लहान, पण हाताला घाई नाही. त्यांनी सृष्टीला बसवलं, उभं केलं, बाजूने फोटो काढला, एक्स-रे काढला आणि म्हणाल्या, "दात पुढे नाहीयेत. लोअर जॉ मागे आहे. दहा मिलिमीटरची गॅप आहे. तिची ग्रोथ चालू आहे तोवर आपण तो पुढे आणू शकतो. ती वेळ गेली तर मग मोठेपणी ऑपरेशनच."

म्हणजे आबांचंच वाक्य, फक्त एक्स-रेसकट.

उपाय असा. दोन प्लेटा करायच्या, एक वरच्या दातांना, एक खालच्या. दोन्हीवर उतरते ठोकळे असतात. तोंड मिटलं की ते एकमेकांवर घसरून बसतात आणि खालचा जबडा आपसूक पुढे येतो. हाड वाढतंय तोवर त्याला ती जागा मिळाली की ते तिकडे वाढतं. प्लेट काढता-घालता येते, पण काढायची नाही. दिवसाचे बावीस तास तोंडात, जेवतानासुद्धा. असं जवळजवळ वर्षभर. उंची भरभर वाढते तेव्हाच जबडाही वाढतो, म्हणून दर महिन्याला उंची मोजून ठेवा, असंही त्या म्हणाल्या. मी मनात म्हटलं, बाई, अगदी योग्य घरात सांगताय.

घरात आणखी कोणाचा असा जबडा आहे का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. त्यांनी जरा वेळ माझ्याकडे पाहिलं, मी पदर सारखा केला, त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

आबांना मी काही सांगितलं नाही. सृष्टीने पायरी चढायच्या आत सांगितलं.

१२ जून

प्लेटा मिळाल्या. तोंडात काकडीचा मोठा तुकडा धरल्यासारखी दिसते पोरगी. लाळ गळते, आणि स्वतःचं नाव 'शुश्टी' असं येतं. मॅडम म्हणाल्या, आठ-दहा दिवस त्रास होईल, रोज मोठ्याने वाचायचं म्हणजे जीभ वळते. पुढे प्लेटांची काळजी कशी घ्यायची ते त्या समजावायला लागल्या तेवढ्यात पर्यवेक्षिका बाईंचा फोन आला, म्हणून मी बाहेर गेले. निघताना सूचनांचा कागद दिला. असे कागद मी बारा वर्षं लोकांना वाटतेय, आत काय असतं ते मला पाठ आहे. फाईलला नीट लावून ठेवला.

घरी आल्यावर पहिलं काम केलं. कोणाकोणाच्या हातातून आलेली वस्तू पोरीच्या तोंडात जाणार, तेव्हा दोन्ही प्लेटा पातेल्यात घालून, घड्याळ लावून दहा मिनिटं खळखळून उकळल्या. बाळाचे वाटी-चमचे उकळायला मी आयांना सांगते, अगदी तसंच. सृष्टी चुलीजवळ येऊन "मम्मी, मॅडम म्हणत होत्या की" असं काहीतरी सुरू करत होती. म्हटलं, स्वच्छतेचं मला शिकवू नकोस. तर पडवीत निघून गेली. दर रविवारी उकळायच्या असं ठरवलं आहे. घरात कोणी आजारी पडत नाही ते उगीच नाही.

१८ जून

टोचतंय म्हणते. नवीन आहे, टोचणारच. मॅडमनीही सांगितलंच होतं.

तरी शिस्त हवी म्हणून याच वहीच्या मागच्या पानांवर रकाने आखून दिले, तारीख आणि तास. रोज संध्याकाळी सृष्टीने स्वतः भरायचे.

५ जुलै

परवा दाखवायला जायचं होतं, पण पौडला मीटिंग निघाली. दवाखान्यात फोन केला, तर पुढच्या आठवड्यात या म्हणाले. आता पाऊस असा लागलाय की पुढच्या आठवड्याचं कोणी सांगावं. सृष्टी जायचं म्हणून मागे लागली होती. मी तिला म्हटलं, अगं, तुझी वही बघितली का? रोज बावीस तास. एवढं सुरेख भरलेलं रजिस्टर मी स्वतः कधी दाखवलेलं नाही. मॅडमना काय नवीन दिसणार आहे?

आबांनी संध्याकाळी पुन्हा तिचं तोंड उघडायला लावलं. बोटाने चाचपून म्हणाले, पट्टी हलते आहे, नीट बसत नाही, कडेची हिरडी लाल आहे. मी म्हणाले, "आबा, ती मेंढी नाही. डॉक्टरांनी माप घेऊन केलंय." जरा जास्तच तोडून बोलले. ते उठून मेंढरांकडे गेले आणि चहालाही आले नाहीत.

१ ऑगस्ट

उंची १३९.३. जूनपासून एक सेंटिमीटरच्या वर गेली. आनंद झाला आणि त्या आनंदात बेरीज करावी म्हणून तासांची वही काढली.

जूनच्या एकतीस तारखेलाही बावीस तास आहेत.

मग नीट बघितलं. आठवड्याआठवड्याचे बावीस एका बैठकीत लिहिलेले, एकाच तिरक्या हाताचे, शेवटचा आकडा कंटाळून लांबलेला. हा हात मी ओळखते. महिनाअखेरीला असं रजिस्टर मी कधी भरलंच नाही, असं देवासमोर म्हणणार नाही. म्हणून तर राग जास्त आला. सृष्टी शाळेतून आली तेव्हा प्लेटा तोंडात नव्हत्या, डबीत होत्या, आणि डबी दप्तराच्या तळाशी. मी खूप बोलले. ऑपरेशनचं बोलले, वाया गेलेल्या दिवसांचं बोलले, खोटेपणाचं तर दोनदा बोलले. ती रडली नाही. नुसती तोंडावर हात धरून उभी राहिली, बाहेर कोणासमोर हसताना धरते तशी.

आबा दारात होते. म्हणाले, "वहीत काय बगतीस? तोंडात बघ."

२ ऑगस्ट

सकाळी अंगणवाडीत जायच्या आधी मोबाईलचा उजेड पाडून पोरीच्या तोंडात बघितलं. सात आठवड्यांत पहिल्यांदा. खालच्या हिरडीला आतून ज्वारीच्या दाण्याएवढी जखम आहे, तिच्या कडा पांढऱ्या झाल्यात. प्लेट घालून बघितली, तर एका बाजूला बसते आणि दुसऱ्या बाजूला उचलते.

गावातल्या चाळीस पोरांचे दंड मी दर महिन्याला मोजते.

रजा टाकली. उद्या बावधन.

३ ऑगस्ट, शनिवार

आजचं सगळं लिहून ठेवणार आहे, कारण मला माझी खात्री नाही. पुढच्या वर्षी मी हे विसरून उलट्या बाजूने सांगत सुटेन.

मॅडमनी प्लेट हातात घेतली, साच्यावर ठेवली, उजेडाकडे धरली. म्हणाल्या, ही वाकलीय, हिला उष्णता लागलीय, कोणी गरम पाण्यात धुतली का? मी तोंड उघडायच्या आत सृष्टी म्हणाली, "मीच धुतली मॅडम. चुकून."

मी तिच्याकडे बघतच राहिले. डोळा न हलवता खोटं बोलली पोरगी, आणि कोणासाठी बोलली ते मला कळलं. मग म्हणाले, मॅडम, तिने नाही. मी उकळली. दहा मिनिटं, आणि त्यानंतर दर रविवारी.

मॅडम चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी ओठ दाबून धरले, खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड केलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. "सॉरी," असं म्हणून पुन्हा वळल्या आणि पुन्हा हसल्या. शेवटी सृष्टीही हसली, मग मीही, पदर तोंडात धरून. मॅडम म्हणाल्या की लोक प्लेट हरवतात, कुत्रा चावतो, कोणी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकतं, पण आठवड्याच्या आठवड्याला नेमाने शिजवलेली ही पहिलीच.

मोजलं तर गॅप दहाची दहाच. सात आठवडे पाण्यात, तेही उकळत्या. पण वाढ अजून जोरात चालू आहे, वेळ गेलेली नाही, असं दोनदा सांगितलं त्यांनी. नवीन माप घेतलं. या वेळी सूचनांचा कागद मी तिथेच बसून वाचला. तिसऱ्या ओळीत जाड अक्षरात लिहिलंय, गरम पाणी वापरू नये.

परतताना पौडच्या स्टँडवर गाडीची वाट बघत होतो. मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, "सांगितलं हुतं मम्मी. तू रजिस्टर बघत हुतीस." आणि मग, मला वाईट वाटू नये म्हणून की काय, वर म्हणाली, "लाल शेरा आला की तू जेवत न्हाईस, म्हनून मी बावीस लिवलं."

तिला भेळ घेऊन दिली. जखमेला तिखट झोंबलं तरी सगळी संपवली.

४ ऑगस्ट

आबांना म्हणाले, तुमचं बरोबर होतं. ते म्हणाले, चा ठेव.

१४ ऑगस्ट

नवीन प्लेटा आल्या. रंग आधी निवडायला मिळतो हे मागच्या वेळी मी विचारलंच नाही, म्हणून कळलं नव्हतं. या वेळी माप दिलं त्याच दिवशी सृष्टीने पिवळा मागितला. मॅडमच्या तक्त्यातला लिंबाचा पिवळा तिला चालेना, तिला बिरोबाच्या भंडाऱ्याचा हवा होता. बराच वेळ तक्ता उलटापालटा केल्यावर जवळचा सापडला. आबांना दाखवला तेव्हा त्यांनी पट्टी कपाळाला लावून परत दिली, मग मला ती पुन्हा धुवावी लागली. थंड पाण्यात, ब्रशने.

तासांची वही बंद केली. रोज सकाळी दात घासायच्या आधी मी तिच्या तोंडात बघते, संध्याकाळी आबा बघतात. सृष्टी म्हणते, वाघरातल्या, जाळीत कोंडलेल्या कोकरांनासुद्धा एवढा जाच नसतो.

९ सप्टेंबर

आज माता बैठक. विषय स्वच्छतेचा होता, मी ठरलेलं भाषण सुरू केलं आणि मध्येच थांबले. समोर बायका नेहमीसारख्या मान हलवत होत्या. मी सूचना सांगते तेव्हा त्या ऐकत नाहीत हे मला आजच दिसलं, कारण मीही ऐकत नव्हते.

मग त्यांना प्लेटांची गोष्ट सांगितली, पातेल्यासकट. बारा वर्षांत माझ्या बैठकीला कोणी एवढं हसलं नव्हतं. साळूबाईने घरी जाऊन सासूला बोलावून आणलं आणि मला पुन्हा सांगायला लावलं. शेवटी शुभांगी, तिचं बाळ सात महिन्यांचं, घाबरून म्हणाली, म्हणजे ताई, आता वाटी-चमचे उकळायचं बंद करू का? म्हटलं, बाई, ते उकळ. खुशाल उकळ.

उंची १४०.१.

२० ऑक्टोबर

'स' आला. मोठ्याने वाचायचं म्हणून सृष्टी रोज शाळेनंतर मेंढरांमागे आबांबरोबर जाते आणि सहावीची पुस्तकं त्यांना वाचून दाखवते. मेंढरं हरकत घेत नाहीत. आबांना मात्र भूगोल पाठ झालाय. काल पारावर कोंडाजींना अक्षांश समजावून देत होते आणि कोंडाजींनी शंका काढली तर म्हणाले, पुस्तकात हाय, हवं तर पोरीला विचार.

१४ डिसेंबर, शनिवार

सहा. दहाचे सहा झाले. मॅडमनी मोजपट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, तुम्हीच मोजा, तुम्हाला सवय आहे. मी दोनदा मोजलं. प्लेट काढून बाजूने बघितलं तर पोरीची हनुवटी खरंच पुढे आलीय. रोज बघत होते म्हणून कळलं नव्हतं.

निघताना मॅडम सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, आता तुमचंही एकदा बघू या का? हाड आता वाढणार नाही, पण दातांचं करता येईल काहीतरी. मी म्हणाले, मी पोरीसाठी आले आहे. फार पटकन म्हणाले.

घरी आबा वाटच बघत होते. पोरीचं तोंड बघून झालं, दोन बोटं लावून अंतर बघून झालं, खूश झाले. ती आत गेल्यावर मी कधीचं मनात होतं ते विचारलं. मला बघायला आलात तेव्हा माझ्या तोंडाकडे का बघत होतात?

आबांनी जराही वेळ घेतला नाही. "तुजाबी मागं हाय. चौदा वरसं रोज बगतुया, म्हनून तर पोरीचा वळाकला. असली पट्टी असतीया हे तवा ठावं असतं, तर तुज्या बापाला सांगून तुलाबी नेली असती."

मी आत जाऊन उगाच भांडी लावत बसले. म्हणजे ते मला नापसंत करत नव्हते. मी चौदा वर्षं या माणसाशी एका बाजूने भांडत होते आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. रडू आलं, पण चांगलं आलं. रात्री त्यांच्या ताटात दूध जास्त घातलं, तर ओरडले.

३ फेब्रुवारी

उंची १४३.२. गेल्या दोन महिन्यांत दीड सेंटिमीटर. गणवेश आखूड झाला, चपला लहान झाल्या. बापूसाहेब सुट्टीवर घरी होता, तो म्हणाला, ही पोरगी आहे की उसाचं कांडं? तिने ओठ मिटून त्याच्याकडे बघितलं. ओठ मिटून. पूर्वी तिला ते जमायचं नाही, खालचा ओठ दातांखाली अडकायचा. हे बापाच्या लक्षातही आलं नाही. मी अंगणात जाऊन आबांना सांगितलं.

२० एप्रिल, रविवार

काल मॅडमकडे तीन भरलं. मॅडम म्हणाल्या, यापेक्षा जास्त नको, तीन म्हणजे झालं. आता प्लेटा फक्त झोपताना घालायच्या, आणि सगळे पक्के दात आले की थोडे दिवस तारा लावू. सृष्टीने पिवळ्या प्लेटा डबीत ठेवल्या आणि येताना वाटभर डबी हातातच धरली होती. सुटका झाली म्हणून नाचेल असं वाटलं होतं. म्हणाली, तोंड रिकामं रिकामं लागतंय.

मीही जूनमधली एक तारीख घेऊन आले. माझ्या नावाने. बघू.

आज पडवीत गोधडी अंथरली. मागच्या वर्षीची अर्धीच राहिली होती, पावसाच्या आणि प्लेटांच्या गडबडीत. एका कडेला मी, दुसऱ्या कडेला ती. टाके घालायला अडचण नको म्हणून पदर कमरेला खोचला होता. सृष्टी अक्षांशापासून कोणाच्या तरी वाढदिवसापर्यंत अखंड बोलत होती आणि माझा हात चालला होता. तेवढ्यात तिकडून कट् असा बारीक आवाज आला.

मी वर पाहिलं. तिच्या हातात सुई होती, दोऱ्याचं टोक ओठाशी होतं आणि डोळे मोठे झाले होते. तिने नवीन दोरा ओवला, गाठ मारली, चार टाके घातले आणि मुद्दाम पुन्हा तोडला. कट्. मग गुडघ्यांवर सरकत गोधडीवरून माझ्या बाजूला आली, माझा दोरा ओढून घेतला आणि म्हणाली, "आण, तुजाबी तोडते."

अंगणातून आबांनी विचारलं, काय तुटलं गं? सृष्टी म्हणाली, काय न्हाई आबा, दोरा. ते काठी टाकून लगबगीने वर आले आणि म्हणाले, दातानं? बघू. तिने आ केला. तिच्या तोंडात बघून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसत होते. दोन्ही हात गोधडीत होते, पदर कमरेला होता, आणि मी तोंडभर हसत होते. आबा पायरीवर बसले आणि त्यांनी चहा मागितला.

उरलेली गोधडी आम्ही दोघींनी दिवस मावळायच्या आत संपवली. विळी आतच राहिली.